वाचलेली वाइन

आमच्या घरी वाइनच्या बाटल्यांपेक्षा वाइनविषयक नियतकालिकांची संख्या नेहमीच अधिक राहिली आहे. ही कबुली आरंभीच देऊन टाकलेली बरी. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते वाचून 'यांनी यांतल्या किती वाइन्स प्याल्या आहेत?' असा प्रश्न कोणीही विचारील, आणि त्याचे उत्तर फारसे भूषणावह नाही. बोर्दोच्या पहिल्या श्रेणीतील पाच शॅटोंपैकी एकाचीही वाइन आमच्या ओठांना लागलेली नाही. बर्गंडीतील रोमाने-काँती हा मळा जेमतेम साडेचार एकरांचा आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याच्या वाइनची चव ठाऊक नाही. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे दीडशे टक्के आयातशुल्क राहिले. त्यामुळे आमच्यासारख्या नोकरदाराने वर्षातून दोन-तीनदा बरीशी बाटली आणावी आणि उरलेले वर्ष वाचनावर काढावे, अशीच व्यवस्था होती. महाराष्ट्रात मद्यपानासाठी जो वैयक्तिक परवाना लागतो, तो १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. वाचनाला तसा परवाना लागत नाही, आणि आमचे आरोग्य मुख्यतः त्यावरच राखले गेले आहे.

तेव्हा येथे विषय वाइनचा नसून वाइनविषयक लेखनाचा आहे. हे लेखन म्हणजे निव्वळ श्रीमंती थोतांड, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांत आमचे काही साहित्यिक मित्रही आहेत. आमचे मत उलट आहे. एका घोटापुरते अस्तित्व असलेली गोष्ट शब्दांत धरू पाहणारे हे लेखन ही समीक्षेचीच एक जात आहे, आणि साहित्यसमीक्षा चवीने वाचणाऱ्याने तिच्याकडे नाक मुरडावे असे तिच्यात काही नाही.

आम्हांस ही गोडी लागली ती मुंबईत, फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेथील पुस्तकविक्रेत्यांकडे परदेशी मासिकांचे जुने अंक ढिगाने येत. लंडनहून निघणाऱ्या 'डिकँटर'चे सहा-सात अंक सुतळीने बांधलेले मिळाले. विक्रेत्याने ते वजनावर दिले. आधीच्या मालकाने पेन्सिलीने जागोजागी खुणा केल्या होत्या. गुणांखाली किंवा किमतींखाली नव्हे, शब्दांखाली. एका ठिकाणी समासात त्याने फक्त प्रश्नचिन्ह काढले होते. शेजारच्या ओळीत एका पांढऱ्या वाइनला भिजलेल्या लोकरीचा वास येतो असे म्हटले होते. तो मालक कोण होता हे कळण्याचा मार्ग नाही, पण तो आमच्यासारखाच वाचत होता याविषयी आम्हांस शंका नाही.

चवीच्या टिपणांची भाषा प्रथम वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटते. पोयाक गावच्या लाल वाइनला देवदाराचा आणि पेन्सिलीला टोक काढताना निघणाऱ्या भुश्शाचा वास. जुन्या रीझलिंगला पेट्रोलचा. सोव्हिन्यों ब्लांकला ताज्या कापलेल्या गवताचा, गूजबेरीचा, आणि क्वचित (हे स्तुती म्हणून लिहिलेले असते) मांजराच्या मुताचा. यांतील पेन्सिल आमच्या ओळखीची होती, किंबहुना शाळेच्या दप्तराचा तळ म्हणजेच तो वास. पेट्रोलही ओळखीचे. ब्लॅककरंट मात्र आम्ही जन्मात पाहिले नव्हते. गूजबेरीसाठी कोश पाहिला तर त्यात 'आवळा' असा अर्थ मिळाला, आणि पुढची कित्येक वर्षे न्यूझीलंडच्या सोव्हिन्यों ब्लांकविषयी वाचताना आम्ही आवळ्याची कल्पना करीत राहिलो. ती तुरट असावी आणि वर पाणी प्याले असता गोड लागावी, अशी आमची खातरी होती. युरोपातील गूजबेरी हे सर्वस्वी वेगळे फळ आहे हे पुढे कळले. आम्ही वाचलेली ती वाइन जगातील कोणत्याही मळ्यात तयार होत नाही. पण ती आम्हांस अजून आठवते, आणि खऱ्या सोव्हिन्यों ब्लांकचा पहिला घोट घेतला तेव्हा थोडा अपेक्षाभंग झाला, हेही खरे.

भाषांतराची ही गंमत युरोपीयांना आपापसांतही चुकलेली नाही. पेला गोल फिरवून स्थिर धरला की काचेच्या आतून वाइनचे पातळ ओघळ उतरतात. मद्यार्क आणि पाणी यांच्या पृष्ठताणातील फरकामुळे ते होते, आणि त्याचे स्पष्टीकरण १८५५ मध्येच दिले गेले आहे. या ओघळांना इंग्रज 'पाय' म्हणतात, फ्रेंच 'अश्रू' म्हणतात आणि जर्मन 'चर्चच्या खिडक्या' म्हणतात. वस्तू एक, पाहणारे तीन. त्या-त्या भाषेतील वाइनलेखनाचा स्वभाव या तीन शब्दांत दिसतो असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरतो, कारण इंग्रजीतही रडके लेखक पुष्कळ आहेत.

या लेखनाची परंपरा साहित्याच्या दालनातूनच निघाली आहे. जॉर्ज सेंट्सबरी हे एडिंबरो विद्यापीठात वीस वर्षे वक्तृत्व आणि इंग्रजी साहित्य यांचे प्राध्यापक होते. समीक्षेच्या इतिहासाचे त्यांचे जाडजूड खंड एके काळी आपल्याकडील प्राध्यापकांच्याही कपाटांत असत. १९२० मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'नोट्स ऑन अ सेलर-बुक' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. तोवर त्यांचे तळघर रिकामे झाले होते आणि प्रकृतीमुळे पिण्यावर बंधने आली होती. उरली होती ती एक नोंदवही, कोणत्या कप्प्यात कोणती बाटली ठेवली याची. त्या वहीवरून त्यांनी आयुष्यभराच्या वाइन्स पुन्हा आठवल्या. आज ते पुस्तक वाचताना ध्यानात येते की त्यात चवीची वर्णने तुलनेने थोडीच आहेत. बाटली कोणाबरोबर उघडली, किती शिलिंगांना घेतली होती, कोणत्या आवडत्या लेखकाची तिच्यावरून आठवण झाली, हेच अधिक. आणि मध्येच अमेरिकेतील दारूबंदीवाल्यांवर म्हाताऱ्याने काढलेला राग. त्यांच्या साहित्यसमीक्षेचे खंड आता फारसे कोणी उघडत नाही. हे पुस्तक मात्र पुनःपुन्हा छापले गेले.

सेंट्सबरींच्या वहीचे दुसरे टोक म्हणजे मायकेल ब्रॉडबेंट यांच्या वह्या. १९६६ मध्ये ख्रिस्टीज या लिलावसंस्थेचा वाइन विभाग त्यांनी उभा केला, आणि १९७७ पासून 'डिकँटर'मध्ये दीर्घकाळ दरमहा स्तंभ लिहिला. १९५२ पासून चाखलेल्या प्रत्येक वाइनची नोंद ते छोट्या लाल वह्यांत करीत. घड्याळ जवळ ठेवून पेल्यातली वाइन दहा मिनिटांनी कशी बदलली, तासाने कशी बदलली, हे लिहीत. आम्हांस ब्रॉडबेंट आवडतात ते या घड्याळामुळे. वाइन ही एक वस्तू नसून एक घटना आहे, सुरुवात, मध्य आणि अंत असलेली, हे त्यांच्या टिपणांतून जसे उमगते तसे व्याख्यांतून उमगत नाही. मात्र वाइनला वारंवार स्त्रीची उपमा देण्याची त्यांच्या पिढीची खोड आज वाचवत नाही. तारुण्यात चंचल, मग भरलेली, मग उतारवयातही डौलदार अशा त्या ओळी वाचताना आपल्याकडच्या शाहिरांची नखशिखान्त वर्णने आठवतात. फरक इतकाच की शाहिरासमोर निदान बाई तरी होती.

इतरांविषयी थोडक्यात. ह्यू जॉन्सन यांचा 'वर्ल्ड अ‍ॅटलस ऑफ वाइन' १९७१ मध्ये निघाला. डोंगरउताराची एकेक बाजू नकाशात दाखवून चव ही जमिनीवर कशी पसरलेली असते हे त्याने डोळ्यांना दाखविले. जॉन्सन गद्य लिहितात तेव्हा कधी घाईत नसतात, आणि गुण देण्याविषयी त्यांना मनापासून कंटाळा आहे. ऑबेरॉन वॉ यांचे मत तर असे की वाइनविषयी लिहायचे तर बेताल लिहावे, मर्यादशील वर्णन कोणाच्याही कामाचे नाही. त्यांच्या काही उपमा आज छापल्या जाणार नाहीत, आणि छापल्या जाऊ नयेत. रॉजर स्क्रूटन हे पक्के परंपरावादी तत्त्वज्ञ, पण २००१ पासून काही वर्षे त्यांचा वाइनस्तंभ 'न्यू स्टेट्समन' या डाव्या साप्ताहिकात चालला. पुढे एका पुस्तकाच्या परिशिष्टात त्यांनी कोणत्या तत्त्वज्ञाबरोबर कोणती वाइन घ्यावी याची यादीच दिली. आणि जॅन्सिस रॉबिन्सन. १९९४ मध्ये निघालेला त्यांचा 'ऑक्सफर्ड कंपॅनियन टू वाइन' हा संदर्भग्रंथ आमच्याकडे उशाशी असतो. ज्या कोशात एखादी नोंद पाहायला जावे आणि अर्ध्या तासाने भलत्याच नोंदीवर सापडावे, त्यापैकी तो आहे.

यानंतर रॉबर्ट पार्कर यांच्याकडे येणे भाग आहे, आणि येथे आम्हांस न्यायाने वागावयाचे आहे. मेरिलंडच्या या वकिलाने १९७८ मध्ये स्वतःचे पत्र काढले, त्याचेच पुढे 'वाइन अ‍ॅडव्होकेट' झाले. त्यात जाहिरात नव्हती. ग्राहकांचे कैवारी राल्फ नेडर हे त्यांचे आदर्श. पार्कर यांचा आक्षेप असा होता की ब्रिटिश वाइनलेखक हे बहुधा व्यापाराशी बांधलेले असतात, आणि हा आक्षेप खोटा नव्हता. ब्रॉडबेंट ज्या वाइन्सविषयी लिहीत त्यांचा लिलावही करीत. वॉ आपल्या साप्ताहिकाच्या वाचकांसाठी वाइन क्लब चालवीत. आम्ही ज्या गद्याच्या प्रेमात पडलो ते अनेकदा विक्रेत्याचे गद्य होते, हे मान्य केलेच पाहिजे. १९८२ च्या बोर्दोविषयी अनेक जाणते साशंक असताना पार्कर यांनी ते साल थोर ठरविले, पुढे तेच खरे मानले गेले आणि त्यांचे नाव झाले. त्यांची सुरुवातीची टिपणे आम्ही नंतर मिळवून वाचली. त्यांत एका माणसाचा निखळ आनंद आहे. सुग्रास जेवणाच्या पंक्तीला आग्रह करणाऱ्या यजमानाचा असतो तसा.

पण त्यांनी टिपणाच्या आधी आकडा लिहिला. शंभरपैकी गुण, अमेरिकी शाळेसारखे. त्यातील पन्नास तर कोणत्याही वाइनला बसल्याजागी मिळत. उरलेल्यांपैकी पाच रंगरूपाला, पंधरा गंधाला, वीस चवीला, दहा एकूण दर्जाला. हे कोष्टक वाचून आम्हांस आमच्या शाळेतील निबंधाची तपासणी आठवली, त्यात शुद्धलेखनाला पाच गुण असत. आकडा आला आणि टिपण वाचण्याचे कारणच उरले नाही. दुकानदार फळीवर आकड्याच्या चिठ्ठ्या लावू लागले. बोर्दोचे मळेवाले पार्कर यांचे गुण जाहीर होईपर्यंत भाव उघडेनासे झाले. इतर मासिकांनीही शंभराचे माप उचलले, आणि त्या मासिकांच्या मागच्या पानांवर टिपणे आखूड होत-होत तीन फळे आणि एक आकडा एवढीच उरली. गुणपत्रिकेत मुलाचा स्वभाव शोधणाऱ्या बापासारखी वाचकाची अवस्था झाली. मूळ तक्रार प्रामाणिकपणाची होती. त्या प्रामाणिकपणाची किंमत भाषेने चुकती केली, असे आमचे मत आहे. पार्कर २०१९ मध्ये निवृत्त झाले. आकडा राहिला.

या दोन संप्रदायांतील खडाजंगी २००४ मध्ये उघड्यावर झाली, आणि ज्यांना साहित्यिक वाद वाचण्याची हौस आहे त्यांनी ती अवश्य वाचावी. विषय होता शॅटो पावीची २००३ ची वाइन. त्या वर्षी युरोपात भयंकर उन्हाळा झाला होता, द्राक्षे अतिपक्व झाली होती. पार्कर यांनी या वाइनला अत्युच्च गुण दिले. रॉबिन्सन यांनी वीसपैकी बारा दिले आणि ती बोर्दोपेक्षा उशिरा तोडलेल्या झिनफांडेलसारखी, पोर्टसारखी गोडसर लागते असे लिहिले. पार्कर चिडले. त्यांनी हा पूर्वग्रहाचा प्रकार मानला. रॉबिन्सन यांनी चव पटो न पटो, आपण आपल्या जिभेशी इमान राखले असे उत्तर दिले. हा वाद कोण बरोबर होते याचा नव्हताच. बोर्दोची वाइन बोर्दोसारखी लागली पाहिजे की ती केवळ जबरदस्त असली म्हणजे पुरे? परंपरेत ठेवून कृती तपासावयाची की एकटी उभी करून? हा प्रश्न मराठी समीक्षेत कवितेविषयी कितीदा आला आहे, हे आम्ही सांगावयास नको. आम्ही दोन्ही बाजू तीनदा वाचल्या. पावी अद्याप प्यालेलो नाही.

आता संशयवाद्यांकडे वळू. त्यांच्याजवळ पुरावा आहे आणि तो भक्कम आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतील प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली, आणि त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतील परीक्षकांपुढे एकाच बाटलीतील वाइन तीनदा ठेवली, तर सुमारे दहातला एकच परीक्षक आपल्या मताशी सुसंगत राहिला. रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये ही तपासणी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रॉबिन गोल्डस्टीन यांनी मिलानमधील एका कल्पित उपाहारगृहाची वाइनयादी 'वाइन स्पेक्टेटर'कडे अडीचशे डॉलर शुल्कासह पाठविली आणि पारितोषिक मिळविले. खास यादीत त्यांनी मुद्दाम अशा वाइन्स घातल्या होत्या ज्यांना त्याच मासिकाने पूर्वी कमी गुण दिले होते. आणि त्याही आधी, १९८३ मध्ये, एड्रियन लेहरर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या पुस्तकात दाखविले होते की एकाने लिहिलेले वर्णन वाचून दुसऱ्याला ती वाइन ओळखता येईलच असे नाही.

हे सर्व आम्ही मान्य करतो. परंतु यावरून निघते काय? आकडे फोल आहेत हे निघते, पारितोषिके फोल आहेत हेही निघते. वर्णन फोल आहे हे मात्र निघत नाही. निघते एवढेच की वर्णन म्हणजे पंचनामा नव्हे. रोआल्ड डाल यांची 'टेस्ट' ही कथा अनेकांनी वाचली असेल. तीत रिचर्ड प्रॅट हा चोखंदळ रसिक लपविलेल्या बाटलीची वाइन एकेक घोट घेत ओळखत जातो. हा प्रांत नाही, तो आहे. हे गाव नाही, ते असावे. अखेर ब्रानेर-डुक्रू, १९३४. पणाला यजमानाची मुलगी लागलेली असते. मग मोलकरीण येते आणि साहेबांचा चष्मा त्यांना परत देते. तो ती बाटली ठेवलेल्या खोलीत राहिला होता. प्रॅट लबाड ठरतो. आमचा अनुभव असा की शेवट कळल्यानंतरही आम्ही ती कथा पुन्हा वाचतो, आणि वाचतो ते त्या ओळखण्याच्या पानांसाठीच. लबाडी उघडकीस आली म्हणून बोर्दोच्या एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे सरकणारी ती जीभ खोटी होत नाही. लेखकाने ती कोठून तरी खरी आणलेली आहे.

भरताने रसाची कल्पना सांगताना दृष्टान्त दिला तो जेवणाचा: नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाणारा जसा रसांचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक भावांचा. अभिनवगुप्ताने पुढे पानकाचा दाखला घेतला. गूळ, मिरी आणि इतर द्रव्ये मिळून जी चव होते ती त्यांपैकी कोणत्याही एकाची नसते. ज्या पानकाचे आपण पन्हे केले आणि चैत्रात वाटीवाटीने वाटले, ते रसचर्चेच्या ऐन मध्यभागी आहे. आस्वाद, रसग्रहण, अभिरुची हे आपल्या समीक्षेचे सगळे शब्द जिभेकडून उसने घेतलेले आहेत. परंतु ते ऋण फेडण्याची वेळ आली की मराठी लेखणी गप्प होते. पाककृतींची पुस्तके आपल्याकडे उत्तम आहेत. पदार्थ कसा करावा हे ती सांगतात. तो कसा लागतो हे लिहिण्याची आपल्याला जणू लाज वाटते.

बोलण्याची मात्र वाटत नाही. कोकणात आढीसमोर बसून आंब्याची परीक्षा करणारा म्हातारा ऐकावा. हा देवगडचा, कातळावरचा, म्हणून साल पातळ. हा खाडीकाठचा, याला गोडी आहे पण वास कमी. यात साका निघणार. हा अजून दोन दिवस झाकून ठेवा. फ्रेंच ज्याला 'तेरुआर' म्हणतात आणि ज्यावर 'डिकँटर'मध्ये अँड्र्यू जेफर्ड यांच्यासारखा गुणी लेखक भूस्तरांपासून वाऱ्यापर्यंत सारे मांडतो, ते याहून निराळे काय आहे? नाशिक परिसरात वाइनचे कारखाने उभे राहून दोन तपे उलटली, 'नाशिक व्हॅली' या नावाला भौगोलिक ओळख मिळाली. पण मराठी वर्तमानपत्रांत वाइन येते ती अबकारी खात्याच्या बातमीत किंवा द्राक्षाच्या भावाच्या बातमीत. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा महिनाभर रणे माजली: संस्कृती बुडणार, शेतकरी तरणार. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. ज्या पेयाविषयी एवढे चालले होते त्याला वास कसला येतो, हे त्या महिन्यात आम्ही एकाही मराठी लेखात वाचले नाही.

दिंडोरी तालुक्यात आमच्या एका मित्राचा मळा आहे. त्याची द्राक्षे करारावर वाइनसाठी जातात. एका हिवाळ्यात त्याच्याकडे मुक्कामाला असताना त्याने त्याच्याच द्राक्षांची शेनँ ब्लांक उघडली. त्याच्या आई तेथेच ओट्याशी लसूण सोलीत होत्या. जन्मभर द्राक्षे काढली, पण वाइनला त्या शिवत नाहीत. नुसता वास घेऊन पाहा, असा आम्ही आग्रह केला. काकूंनी हात पदराला पुसले, पेला नाकाशी नेला, हसून खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

"पेरू," त्या म्हणाल्या. "पण पिकलेला नाही. पाडाला आलेला. सुरी लावल्यावर येतो ना, तसा."

आम्ही वही काढली. त्या आणखी एकदा हुंगून थांबल्या.

"आणि मागनं घोंगडीचा. भिजलेल्या. पावसातून कोणी आलं आणि चुलीपाशी वाळत घातली की येतो तो."

लोकरीचा तो वास शेनँच्या वर्णनात इंग्रजी मासिकांतून कैकदा येतो. फ्लोरा फाउंटनच्या त्या अंकातील प्रश्नचिन्हापाशी आम्ही कित्येक वर्षे स्वेटरची कल्पना करीत थांबलो होतो.

"आई, मग हे चांगलं म्हणायचं का वाईट?" मित्राने विचारले.

"ते मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "वास येतोय एवढं खरं." आणि पेला त्याच्याकडे सरकवून त्या पुन्हा लसूण सोलू लागल्या.